कोकरू काठीसारखं ताठलं, आता काय?

वाडा आणि गोठा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नर कोकरांच्या खच्चीकरणावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर कोकरं ताठून मेल्याचे एवढे मेसेज आले की या वेळचं पूर्ण सदर धनुर्वातालाच देतोय. गोचीड, जंत, खाद्याचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेऊ, रागावू नका. पत्रं थोडी छाटलीयेत, गावं तालुक्यापुरतीच ठेवलीयेत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमची ६० दख्खनी मेंढरं आहेत. भावाने ऑनलाइन खच्ची करायचं रबर रिंगचं मशीन मागवलं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून १४ नर कोकरांना एकाच दिवशी रिंगा लावल्या. कोकरं दोन-अडीच महिन्यांची होती. नवव्या दिवशी एक कोकरू काठीसारखं ताठ चालायला लागलं, संध्याकाळी आडवं पडलं आणि मान पाठीकडे वळली. चार दिवसांत पाच गेली. दोन अजून ताठलेली आहेत, सात बरी दिसतायत. गावात कोणी म्हणतं विषबाधा, कोणी म्हणतं बाहेरची बाधा. काय करू? (ता. माण)

उत्तर : दादा, तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, पण हे बाकीच्यांनीही वाचायला हवं म्हणून सविस्तर लिहितोय. बाहेरचं काही नाही, हा धनुर्वात आहे. मान मागे आणि पाठ आत, शरीराची अगदी धनुष्यासारखी कमान होते, नावच त्यावरून पडलंय.

झालं काय ते बघा. या रोगाचे जंतू आपल्या मातीत आणि शेणा-लेंड्यांत असतातच, बीजाणू म्हणजे कवच घातलेल्या झोपलेल्या बियांसारखे, आणि तसे ते वर्षानुवर्षं टिकतात. मेंढरू रोज ते तुडवतं, चाऱ्याबरोबर खातंही, त्याने काही होत नाही. या जंतूला हवेचं वावडं आहे, जिथे हवा पोचत नाही आणि रक्त खेळत नाही अशी मेलेल्या मांसाची जागा मिळाली तरच तो जागा होतो आणि विष तयार करतो. आता रबर रिंग काय करते? रक्तपुरवठा बंद करते, खालचा भाग हळूहळू मरतो, काळा पडतो, आणि रिंगेच्या वळाशी चामडी चिरते. त्यात अडीच महिन्यांच्या कोकराचा अवयव चांगला भरलेला असतो, म्हणजे मरणारं मांसही जास्त. ते कोकरू तसंच वाड्यातल्या लेंड्यांवर बसतं. तुमच्या भावाने नकळत या जंतूला घर बांधून दिलं, तेही १४ ठिकाणी. आणि नववा दिवस म्हणाल तर तो पण बरोबर बसतो, कारण कोकरात जखम झाल्यापासून साधारण तीन ते दहा दिवसांत लक्षणं दिसतात, कधी तीन आठवडेही लागतात. त्यामुळेच लोक दोन गोष्टी जोडत नाहीत, जखम तोवर विसरलेली असते.

विष नसांतून मणक्यापर्यंत चढतं. शरीरात स्नायूंना "आवळ" सांगणाऱ्या नसा असतात तशा "सोड" सांगणाऱ्याही असतात, हे विष नेमकं सोड म्हणणाऱ्यांचं तोंड बंद करतं. मग सगळं अंग आवळलेलंच राहतं. सुरुवातीला चाल जरा आखडते, कान ताठ होतात, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढे येतो (तो बघायचा असेल तर डोक्यावर हलकी टिचकी मारा, पडदा झपकन सरकतो), मग दातखिळी बसते, चारी पाय पाटाच्या पायांसारखे ताठ, पोट फुगतं, आणि भांडं वाजलं किंवा कुत्रं भुंकलं तरी झटका येतो. शेवटी छातीचे स्नायू आवळून श्वास थांबतो.

ताठलेल्या दोघांचं. खोटी आशा दाखवत नाही, पडलेलं कोकरू क्वचितच उठतं. नसांना चिकटलेलं विष कुठल्याच इंजेक्शनने सुटत नाही, पेनिसिलिन जंतू मारतं पण तयार झालेल्या विषाला हात लावत नाही, आणि धनुर्वातविरोधी सीरम रक्तात मोकळं फिरणारं विषच पकडतं. तरी जे अजून उभं राहतंय त्याच्यासाठी डॉक्टर सीरम, पेनिसिलिन, स्नायू सैल करणारं औषध देऊन बघू शकतात. तुमच्या हातात आहे ते म्हणजे अंधारी शांत जागा, कानात कापसाचे बोळे, खाली जाड गवत, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं. आणि दातखिळी बसलेल्या तोंडात बाटलीने पाणी, दूध, काढा काहीही ओतायचं नाही, ते सरळ फुफ्फुसात जातं आणि जे धनुर्वाताने पुढच्या दिवशी गेलं असतं ते ठसक्याने आत्ताच जातं. पाजायचंच असेल तर डॉक्टर नळी घालून पाजतील.

खरं काम त्या बऱ्या दिसणाऱ्या सातांवर होतं. रिंगेखालचा मेलेला भाग डॉक्टरांकडून काढून घेणं, जखम हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन उघडी ठेवणं, पेनिसिलिन आणि सीरम. तुम्ही ते त्याच संध्याकाळी केलंत म्हणून सातही वाचली. ताठलेल्यांतलं एक गेलं आणि एक तीन आठवड्यांनी चरायला लागलं असं तुम्ही कळवलंत, ते वाचून खरंच बरं वाटलं, माझी अपेक्षा नव्हती.

आणि एक विचारतो, ही कोकरं तीन-चार महिन्यांची झाली की तुम्ही विकणारच होतात ना? मग खच्ची कशाला करायची? बाजारात लवकर जाणाऱ्या नराला हा त्रास देण्यात फायदा काही नसतो, व्हिडिओत करतात म्हणून करू नका. ते व्हिडिओ बाहेरच्या देशातले असतात, तिथे मेंढीला आधी लस झालेली असते, ते कोणी कॅमेऱ्यात दाखवत नाही.

प्रश्न : सर, आम्ही दरवर्षी मे महिन्यात पावसाच्या आधी आंत्रविषाराची लस टोचून घेतो, एकही वर्ष चुकवलं नाही. तरी कुत्रं चावलेली एक मेंढी धनुर्वाताने गेली. लस बोगस होती का? (ता. जत, माडग्याळ मेंढ्या)

उत्तर : लस बोगस नव्हती, लस दुसऱ्याच रोगाची होती. आंत्रविषार आणि धनुर्वात दोघांचे जंतू एकाच घराण्यातले, क्लॉस्ट्रिडियम आडनावाचे, पण आडनाव एक म्हणून एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. आंत्रविषाराचा जंतू आतड्यात विष करतो, कोवळा हिरवा चारा किंवा धान्य जास्त झालं की, आणि धट्टीकट्टी कोकरं रातोरात मरतात. धनुर्वाताचा जखमेत करतो. आपल्याकडे मेंढ्यांना जे ठरलेलं लसीकरण होतं, म्हणजे आंत्रविषार, पीपीआर, देवी, घटसर्प, लाळ्या-खुरकूत, त्यात धनुर्वात नाहीये. हे मी मुद्दाम परत लिहितो, नाहीये. त्याची लस वेगळी मागून घ्यावी लागते.

गोंधळ होतो कारण अमेरिकेत सीडी-टी नावाची लस असते, तिच्यात आंत्रविषारासोबत धनुर्वातही असतो, न्यूझीलंडमधे पाच रोगांची एकत्र लस देतात तिच्यातही असतो. यूट्यूबवर ते ऐकून आपल्याला वाटतं आपल्याही बाटलीत तेच आहे. पुढच्या वेळी टोचायच्या आधी बाटलीवरचं नाव वाचा, नसेल वाचता येत तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा.

प्रश्न : डॉक्टर, आम्ही फलटणकडचे, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो. वाटेतच मेंढ्या वितात. नाळ सासूबाई दगडावर ठेवून कोयत्याने तोडतात आणि वर राख नाहीतर शेण लावतात. मी नको म्हटलं तर म्हणतात आमच्या पिढ्या गेल्या यात. मागच्या साली चार कोकरं आठवड्याची होऊन ताठून मेली. सासूबाईंना काय सांगू? (एक मेंढपाळ भगिनी)

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना विचारा, त्यांच्या लहानपणी वस्तीत किती तान्ही पोरं सातव्या-आठव्या दिवशी गेली. त्यांना आठवेल. दूध ओढायचं बंद, मुठी आवळलेल्या, अंग ताठ. तो हाच रोग, आणि तो याच रस्त्याने यायचा, विळ्याने कापलेली नाळ आणि वर शेण. आज ते दिसत नाही कारण गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन मिळायला लागलं आणि बाळंतपणं स्वच्छ व्हायला लागली. २०१५ साली तर बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात भारतातून हटला असं जाहीर झालं. जी गोष्ट सुनेला चालते ती मेंढीला का नाही, एवढंच त्यांना विचारा, भांडू नका.

नाळेचं सोपं आहे. शक्यतो आपोआप तुटू द्या. तोडावीच लागली तर बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधा आणि नव्या ब्लेडने कापा. छोट्या रुंद तोंडाच्या बाटलीत टिंक्चर आयोडीन घ्या, बाटली कोकराच्या पोटाला टेकवून कोकरू जरा कलतं करा म्हणजे नाळ पूर्ण बुडते, नुसता कापूस फिरवून भागत नाही. दुसऱ्या दिवशी परत. घोड्यावर लादलेल्या सामानात एक बाटली आणि ब्लेडचं पाकीट, एवढंच ओझं वाढतं. राख, शेण, माती, चुना काही नको.

पण नाळ हा अर्धाच भाग झाला, आणि इथे माणूस आणि मेंढी यांच्यात एक फरक आहे जो फार थोड्या लोकांना माहीत असतो. बाईने इंजेक्शन घेतलं की तिचं संरक्षण बाळाला पोटात असतानाच वारेतून मिळतं. मेंढीत तसं होत नाही, तिच्या वारेतून ते पार जातच नाही. कोकरू जन्मतं ते अगदी रिकाम्या हाताने. त्याला जे काही मिळतं ते सगळं चिकातून. आणि चिकातलं संरक्षण आतड्यातून रक्तात शिरायचं दार पहिल्या काही तासांतच उघडं असतं, दिवसभरात बंद होतं. म्हणून वाटचालीत व्यालेली मेंढी आणि तिचं कोकरू, त्यांना तासा-दोन तासांत पाजूनच पुढे निघायचं. सडाच्या तोंडाशी चिकट बूच असतं, दोन धारा जमिनीवर काढा मगच कोकराच्या तोंडात द्या. वाडा पुढे गेला, कोकरू जाळीच्या पिशवीत घोड्यावर, आई कळपात, आणि पाजायचं संध्याकाळी मुक्कामावर, असं होतं ना? मी बघितलंय. ते कोकरू मग पुढे दोन महिने उघडंच फिरतं.

आता चिकात संरक्षण यायला आधी आईच्या अंगात हवं. त्याचा हिशेब माझ्या एका जुन्या मेंढक्याने मला शिकवला, तारखा त्याला पाठ व्हायच्या नाहीत म्हणून त्याने सणांवर बसवला होता, आणि तो इतका चपखल बसतो की मी आता सगळ्यांना तोच सांगतो. दिवाळीपासून पुढे विणाऱ्या मेंढ्यांना धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोस पोळ्याला, दुसरा घटस्थापनेला. मधे बरोबर एक महिना, आणि दुसऱ्या डोसपासून दिवाळी पण साधारण महिन्याभरावर. शास्त्र तेच सांगतं, दोन डोस चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, दुसरा विण्याच्या महिनाभर आधी, कारण चीक त्याच दिवसांत तयार होतो. पुढच्या वर्षीपासून घटस्थापनेचा एकच डोस पुरतो. पोळा म्हणजे श्रावणी अमावास्येचा हं, साताऱ्या-सांगलीकडचा बेंदूर धरू नका, तो आधीच होऊन जातो. आणि मधे अधिक महिना आला की हिशेब चुकतो, २०२० ला अधिक अश्विन आला होता आणि पोळ्यापासून घट दोन महिन्यांवर गेले होते, तेव्हा त्या साली दिवस मोजा. मेंढ्या मागे-पुढे विणाऱ्या असतील तर नर कधी सोडला ते लिहून ठेवा, मेंढीचे दिवस साधारण १५०.

एवढं केलं की चीक पोटभर प्यालेलं कोकरू दोन-अडीच महिने झाकलेलं राहतं. नाळ, कानाचा बिल्ला, खच्ची करणं, जे काय कापाकापीचं असेल ते याच काळात उरकायचं. नंतर ठेवायची असतील ती कोकरं तीन महिन्यांची झाली की त्यांना स्वतःचे दोन डोस, महिन्याच्या अंतराने.

प्रश्न : मेडिकलमधून टीटी आणून खच्ची करायच्या दिवशीच टोचलं होतं. तरी कोकरू धनुर्वाताने मेलं. मग टीटीचा उपयोग काय? (ता. सांगोला)

उत्तर : हा प्रश्न मला टोचणारा आहे, कारण हीच चूक मी स्वतः केलीये. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं, एका वाड्यावर वीस-बावीस नर खच्ची केले, प्रत्येकाला टीटी टोचलं, छाती पुढे काढून चहा प्यायलो आणि आलो. बारा दिवसांनी निरोप आला. तीन गेली होती. त्या म्हाताऱ्या मेंढक्याने मला एक शब्द वाकडा बोलला नाही, फक्त म्हणाला, "साहेब, सुई तर मारली होती की." ते अजून डोक्यात आहे. सणांचा हिशेब पुढे मला यानेच शिकवला.

टीटी हे औषध नाही, लस आहे. शरीराला ती शत्रूचा फोटो दाखवते, शरीर मग हत्यारं बनवायला बसतं, आणि ज्याने आयुष्यात कधी डोस घेतला नाही त्याला ती बनवायला दोन-तीन आठवडे लागतात, तीही पहिल्या डोसला कमीच बनतात. जखमेतला जंतू तोपर्यंत थांबत नाही. टीटी त्याच दिवशी कामाला येतं ते आधी दोन डोस झालेल्या जनावराला, त्याची हत्यारं तयार असतात, ती नुसती पाजळली जातात.

ज्याच्या आईला लस नाही, स्वतःला नाही, आणि आज जखम करायचीच आहे किंवा झालीच आहे, त्याला सीरम लागतं. ते तयार हत्यार, टोचल्या दिवसापासून काम करतं, पण साधारण दोन आठवड्यांत संपतं. ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात म्हणून कधीकधी रिअॅक्शन येते, डॉक्टर समोर असतानाच घ्या. सीरम आणि लस एकाच दिवशी देता येतात, पण वेगळ्या सिरिंजने आणि अंगाच्या वेगळ्या बाजूला. किती द्यायचं ते वजन आणि जखम बघून डॉक्टर ठरवतील, मी मुद्दाम इथे आकडा देत नाही, कारण मागे एकदा दिला होता तर लोकांनी तो कोकरू-बैल सगळ्यांना सारखाच लावला.

आणि हो, माणसांच्या सरकारी दवाखान्यात आता टीटीच्या जागी टीडी आलंय, त्यात घटसर्पाचीही लस असते, माणसाच्या घटसर्पाची, मेंढीच्या नाही. नाव एक आहे म्हणून एका वाचकाने विचारलं होतं की एका सुईत दोन्ही काम होईल का. नाही होणार.

खच्ची करायचंच असेल तर बर्डिझो चिमटा बरा, तो आतली नस बाहेरूनच चेपतो, कातडी फाटत नाही. डॉक्टरकडून किंवा सवयीच्या हाताने, एका वेळी एकच बाजू, आणि दोन्ही बाजूंचे चिमटे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. दगडाने ठेचायचे दिवस गेले, प्लीज.

प्रश्न : गंजलेला खिळा लागला तरच धनुर्वात होतो ना? आमच्या शेडला नवीन तार आहे. (बंदिस्त मेंढीपालन, ता. बारामती)

उत्तर : गंजाचा काही संबंध नाही. १८८४ मधे निकोलायर नावाच्या जर्मन डॉक्टरने बागेतली नुसती माती प्रयोगाच्या प्राण्यांना टोचली आणि त्यांना धनुर्वात झाला, खिळा नव्हता कुठे. पुढे १८८९ मधे कितासातो या जपानी माणसाने तो जंतू वेगळा करून वाढवला, आणि १८९० मधे बेरिंग आणि त्याने मिळून सीरमची वाट दाखवली. गंजलेला खिळा बदनाम झाला कारण तो पडलेला असतो मातीत आणि भोक करतो खोल, तोंडाशी लहान. बाभळीचा काटा तेच करतो, कुत्र्याचा-लांडग्याचा दात तेच करतो, पन्नास मेंढ्यांना एकच सुई वापरली तर सुईही करते. तुमची नवीन तार चकाचक असेल हो, पण ओरखडा उठला की खाली लेंड्या आहेतच.

वरवर भळभळ रक्त येणाऱ्या मोठ्या जखमेपेक्षा बुजून गेलेल्या बारीक भोकाला जास्त घाबरा. कातरणीच्या वेळी कातर लागते ती पण लगेच धुऊन आयोडीन लावायची, आणि कातरायची जागा वाड्याच्या बाहेर, झाडलेल्या ताडपत्रीवर, लेंड्यांच्या ढिगात नाही.

हत्यारं उकळून घेतो असं बरेच जण लिहितात. उकळा, बाकी जंतू मरतात, पण या बीजाणूंची खात्री नुसत्या उकळण्याने देता येत नाही, डेटॉलच्या पाण्यानेही नाही. प्रेशर कुकरमधे अर्धा तास ठेवलं तर मरतात. त्यासाठी जुना कुकर वेगळा ठेवा, घरातला घेतलात तर नंतरच्या भांडणाला मी जबाबदार नाही.

प्रश्न : आमच्याकडे ताठलेल्या मेंढराला मानेवर आणि फऱ्यावर डाग देतात. काही वेळा गुण येतो असं म्हणतात. आणि वाड्यावर घोडी असली की हा रोग होतो हे खरं का? (ता. संगमनेर)

उत्तर : पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं थोडंसं हो. तापलेल्या लोखंडाने चामडी जळते, जळलेलं मांस मेलेलं असतं, म्हणजे ज्या रोगासाठी डागलं त्याच रोगाला नवी जागा. वर ज्याला पानाच्या आवाजाने झटका येतो त्याला धरून चटका द्यायचा, त्यातच एखादं जातं. जे वाचतं ते विष कमी होतं म्हणून वाचतं, नाव मात्र डागाचं होतं.

घोडीचं असं आहे की घोड्याच्या लिदीत हे जंतू भरपूर सापडतात. घोडी सोडा असं कोण म्हणणार, बिऱ्हाड कशावर जाणार मग. पण घोडी बांधता त्या जागेवर कोकरं कोंडू नका, मेंढी तिथे विऊ देऊ नका, लीद वेगळी टाका. आणि घोडीलाही लस टोचून घ्या, घोड्याइतका या विषाला नाजूक प्राणी दुसरा नाही.

प्रश्न : एकाचं दुसऱ्याला लागतं का? मेलेल्याचं मटण चालतं का? (नाव-गाव नको म्हणालेत)

उत्तर : लागत नाही. एका वाड्यात पाच मरतात ते एकमेकांकडून नाही, पाचांना एकाच दिवशी एकाच ब्लेडने कापलेलं असतं म्हणून. मटण नाही चालत, मरायच्या आधी कापलं तरी नाही. खोल पुरा, वर चुना टाका. नाव का नको म्हणालात ते कळलं.

प्रश्न : ताठलेलं प्रत्येक मेंढरू धनुर्वाताचंच समजायचं का? (ता. इंदापूर)

उत्तर : नाही. कोकराचे सांधे सुजून गरम लागत असतील तर तो नाळेतून गेलेला सांध्यांचा आजार, तो लवकर धरला तर बरा होतो. एकाच बाजूला गोल गोल फिरत असेल, कान लोंबत असेल, तर मेंदूचा वेगळा आजार. गाभण मेंढी शेवटच्या महिन्यात पडली तर आधी कॅल्शियम कमी झालंय का ते बघतात. धनुर्वाताची ओळख म्हणजे जनावर शुद्धीत असतं, बघत असतं, खायची इच्छाही असते, पण तोंड उघडत नाही, आणि आवाजाने झटका येतो.

आणि एक सांभाळा. लाळ गळतेय, जनावर बेफाम झालंय, आवाज बदललाय, मागे कधी कुत्रं चावलं होतं, असं असलं तर पिसाळ (रेबीज) असू शकतो. घशात काय अडकलंय बघू म्हणून तोंडात हात घालायचा नाही. १९६२ ला फोन करून फिरता पशुवैद्यकीय दवाखाना बोलवा, लांबून दोरीने बांधा, पोरांना दूर ठेवा.

प्रश्न : मेंढरांचं झालं. माझ्या पायात पंधरा दिवसांपूर्वी काटा गेलाय, काढला, आता दुखत नाही. शेवटचं इंजेक्शन शाळेत असताना घेतलेलं. मी घ्यायला पाहिजे का? (ता. पुरंदर)

उत्तर : हो, आजच. हा अंक खाली ठेवा आणि आरोग्य केंद्रात जा. काटा पूर्ण निघालाय का तेही दाखवा. येताना पोळा कधी आहे ते कॅलेंडरवर बघून या.